वस्तऱ्यापुरता डोस

३ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. बायकोचा हट्ट. हाताला किंचित कंप आहे म्हणे. तीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवतोय, आणि माझ्या हाताबद्दल मलाच सांगतात. अर्धी गोळी दिली. हळूहळू वाढवू, योग्य डोस सापडायला वेळ लागेल, म्हणाल्या. बघू. आठवड्यात ठणठणीत.

६ मार्च
अर्धी गोळी. फरक शून्य. मुळात बिघाडच नाही, तर फरक कशात पडणार?
गिऱ्हाईक कमी. सगळ्यांना दाढी वाढवायचं खूळ लागलंय. पोस्टमास्तरांनीही ठेवली. शोभत नाही, असं स्पष्ट सांगितलं. माझ्या हाताकडे बघत म्हणाले, असू दे.

११ मार्च
डोस वाढला. एक गोळी. मेहुण्याचे केस कापले. कानाच्या पाळीला जरा लागलं. तुरटी लावली. मेहुणा लहानपणापासून चुळबुळ्या.

१५ मार्च, सकाळ
या बाईंचा कारभार गोगलगायीचा. स्वतःच दोन गोळ्या घेतल्या.

दुपार
हात दगडासारखा स्थिर! पोस्टमास्तरांना हाक मारायला उठलो, तर दुकान गरगरलं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पडलो. बायकोने तोंडावर पाणी मारलं. रडत होती. उगाच.

१६ मार्च
डॉक्टरीणबाई चिडल्या. नाडी फारच मंद झाली होती. हात थांबवायच्या नादात हृदय थांबवाल, म्हणाल्या. पुन्हा अर्धीपासून सुरुवात. उद्यापासून शिस्त. नक्की.

९ एप्रिल
डोस सापडला. दीड गोळी. चक्कर नाही, नाडी ठीक. याच्या वर जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. हात थोडा हलतोच. वस्तऱ्याचं काय, विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, चहा सांडतो का? नाही म्हटलं.
"मग छान आहे," म्हणाल्या.

१२ एप्रिल
दुकान आठवडाभर बंद. रंगकाम काढायचंय.
सकाळी स्वतःची दाढी करायला घेतली. दोनदा कापलं. आरशातला उजेड बरोबर नाही. बायकोने हातातून वस्तरा काढून घेतला, मला खुर्चीत बसवलं, साबण लावला. तिची पद्धत साफ चूक. आधी गाल घ्यायचा, ती हनुवटीपासून सुरू करते. सांगणार होतो. तेवढ्यात तिने माझी हनुवटी धरली आणि हळूच म्हणाली, "हलू नका हो."
प्रयत्न केला.