आंबिलाचं मडकं घरी राहिलं

अहो,
मी नांदेडला जायलेय. भाकरी दुरडीत हायत, पिठलं गरम करून घ्या. गॅस बंद केलाय, दारातून माघारी येऊन पुन्हा बघितला बी. शेतातली मोटार तेवढी तुमीच बंद करा.

डोक्याच्या डॉक्टरीणबाईकडं चाललेय. माझं विसरणं, कामं अर्ध्यावर सोडणं, हे एडीएचडी हाय का ते त्या तपासायल्यात. लहानपणी मला पाहिलेलं माणूस लागतंय, म्हणून आई पूर्णेहून माझ्याच गाडीत बसणार हाय.

येळवशीच्या अमावस्येला पाहुणे शेतात पंगतीला बसले आन् आंबिलाचं मडकं मी घरीच विसरले, ती गोष्ट तुमी दर लग्नात सांगता. लोक हसत्यात, मी बी हसते. मागच्या खेपेला बाईंना मी तीच सांगितली, हसत हसत. त्या हसल्या न्हाईत. "मग तुम्ही काय केलं?" म्हणल्या. बांधाआड जाऊन बसले होते, असं सांगितलं.

नवऱ्याला बी आणा म्हणल्या होत्या. पण तिथं बी तुमी तीच गोष्ट सांगितली असती, आन् मला हसावं लागलं असतं.

विजयमाला