शिसं उतरताना

१२ जानेवारी
बाबांचा रिपोर्ट आला. रक्तातलं शिसं बासष्ट! पाचच्या वर गेलं तरी काळजी करायची असते. नाव दोनदा वाचलं. सटवाजी, वय अठ्ठावन्न, मुखेड. आमचेच.

आमच्या लॅबमध्ये शिशाची तपासणी होत नाही, नमुने हैदराबादला जातात. इथं नांदेडात बसून मी रोज परक्यांचं रक्त, परक्यांची लघवी पॅक करते. घरचं पहिल्यांदाच.

आई दिवाळीपासून फोनवर सांगत होती — "त्यांच्या पोटात लई कळ येती. मनगट वर उचलत न्हाई." मी ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं. शेवटी डॉ. सौदामिनी मॅडमना दाखवलं. त्यांनी आधी धंदा विचारला. बॅटरीचं दुकान म्हटल्यावर लगेच हिरड्या बघितल्या. निळसर रेघ! "जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवता का?" मीच सांगितलं — हो, घरामागच्या शेडमध्ये. मला कळायला लागलं तेव्हापासून तो धूर आहे.

आईचंही रक्त घेतलं. तिचं पाचच्या थोडंच वर आहे, औषध लागणार नाही.

१३ जानेवारी
मॅडमना एकटीला गाठून विचारलं — शिशानं माणूस चिडका होतो का?

"होतो. चिडचिड, झोप नाही, विसरणं. का?"

काही नाही म्हटलं. घरी येऊन मात्र बराच वेळ तेच डोक्यात. आईच्या कपाळावरचे टाके. जेवताना मीठ कमी पडलं तर आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या. बारावी झाल्या झाल्या मी नांदेडला पळाले ती दिवाळीपुरतीच परत जाते. ते सगळं शिसं होतं?

तसं असेल तर मी इतकी वर्षं एका आजारी माणसाचा राग करत होते.

२१ जानेवारी
मुखेड. औषध सुरू करण्याआधी चोवीस तासांची लघवी हवी. सकाळची पहिली सोडून द्यायची, नंतरची सगळी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून. लॅबचा धुतलेला प्लास्टिकचा कॅन घेऊन गेले.

बाबा भडकले. "म्या काय म्हैस हाय व्हय, मूत धरून ठेवायला! लोक काय म्हनतील?"

आई म्हणाली, "लोकाला कोन दाखवून राहिलंय? मोरीत ठेवा की."

तयार झाले. आमच्या घरात बाबा कशाला तरी तयार झाले!

३० जानेवारी
रिपोर्टमधला आकडा इतका वर की मॅडमनाच पटेना. फोन लावला. आई चाचरत म्हणाली, "मोरीत लाज वाटली त्यास्नी. कॅन शेडमधी ठिवला व्हता. झाकन उघडंच."

झालं! अंगातलं शिसं मोजायचं होतं, शेडमधली धूळ मोजून आली. पुन्हा कॅन, पुन्हा चोवीस तास.

४ फेब्रुवारी
मॅडमची अट स्पष्ट आहे. शेड बंद झाल्याशिवाय गोळ्या नाहीत — एकीकडून काढायचं आणि दुसरीकडून भरायचं, तो उपचार नव्हे.

वाटलं, आता भांडी उडणार. बाबांनी नुसतं मनगटाकडे पाहिलं. लटकलेलंच. म्हणाले, "पुनमे, पाना धरता येत न्हाई मला. कशाला चालू ठेवू?"

भट्टी विकून टाकली. शेड ओल्या फडक्यानं पुसली. मास्क लावून मी पुसली, आईला आत येऊ दिलं नाही. कॅन या वेळी मोरीत. बाबांनी स्वतः झाकण घट्ट केलं.

२५ फेब्रुवारी
पहिला कोर्स संपत आला. गोळ्यांवर असतानाची लघवी पाठवली होती. आधीच्या कितीतरी पट शिसं! आईनं फोनवर रडायलाच सुरुवात केली. समजावलं — अगं, हे वाढलं म्हणजे बाहेर पडतंय. गोळी आतलं शिसं ओढून लघवीत सोडते. इथं जास्त म्हणजे चांगलं.

बाबांनी फोन घेतला. "म्हंजे मुततोय ते बरं हाय ना?"

हाव बाबा. लई बरं आहे.

हसले! फोनवर मी बाबांना हसताना कधी ऐकलं नव्हतं.

१७ मार्च
आता दर रविवारी जाते. मुखेडची गाडी पाठ झालीय. पोटदुखी थांबली. हात थोडा वर येतो. आज त्यांनी मला हरभऱ्याची गड्डी सोलून दिली, एकेक घाटा. मी खात बसले.

आईला म्हटलं, बघ, किती शांत झालेत. सगळं शिशाचंच होतं.

आई भाकरी थापत होती. "असंल," म्हणाली.

२१ एप्रिल
रक्त एकोणतीस. लघवीतलंही उतरलं, या वेळी उतरलं ते चांगलं, कारण आतच कमी उरलंय. हे आईला समजावता समजावता माझाच गोंधळ!

मॅडमना पेढे दिले. स्वभावाचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "पुनम, शिसं मला मोजता येतं. स्वभाव कशानं बनला ते कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही."

जरा राग आला.

१६ जून
रक्त अठरा. मनगट सरळ. बाबा पाना धरू शकतात! हात पुढे करून दाखवला, मूठ मिटली, उघडली. मी टाळ्या वाजवल्या. आता नुसत्या नव्या बॅटऱ्या विकणार, वितळवणार नाही, असं ठरलं.

२९ जून
पाऊस, गाडी नाही. या रविवारी जाणं व्हायचं नाही.

३ जुलै
सकाळी दार वाजलं. आई. एकटी, एका पिशवीसह. गाल सुजलेला, पाच बोटं मोजता येतील असा.

बर्फ धरून बसले. म्हटलं, शिसं तर उतरलं गं. अजून थोडं राहिलं असेल का —

"माज्या अंगाची हळद निघाली नव्हती, तवा पयला मार खाल्ला म्या. दुकान त्याच्यानंतर पाच वर्सांनी टाकलं."

मग मी सगळं शिशाचंच म्हणत होते, तेव्हा बोलली का नाहीस?

"तू दर रविवारी घरी यायला लागली व्हतीस ना."