कर्नलला शिस्त लावताना

१० फेब्रुवारी १९८५, रविवार
आज घरात कुत्रा आला. वाशी गावातून मासळी घेऊन येणाऱ्या बायजाबाईने पिल्लू पदराखालून आणलं आणि ताज्या बांगडा मासळीबरोबर सुचित्राच्या हातात ठेवलं. दहा वर्षांची पोर, ती कसली नाही म्हणते. वैजयंतीही नाही म्हणाली नाही. मला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.
ब्रीड कुठली म्हणून बायजाबाईला विचारलं. ती म्हणाली, कुत्रा हाय दादा, आनखी कुटली.
मग मीच निरीक्षण केलं. डावा कान उभा राहतो. आई गावठी असेल, पण बाप नक्की अल्सेशियन. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एखाद्या फॅक्टरीत राखणीला असणार. नाव ठेवलं कर्नल. मायलेकी त्याला गुंड्या म्हणतात. हे चालणार नाही.
रबाळ्याला कंपनीत आख्खं डिस्पॅच माझ्या हाताखाली आहे. एका पिल्लाला शिस्त लावायला महिना पुष्कळ झाला.

११ फेब्रुवारी
घरात नियम जाहीर केला. कर्नलशी फक्त इंग्रजीत बोलायचं. कुत्र्यांना इंग्रजी कळतं हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या वर्क्स मॅनेजरच्या कुत्र्याशी साहेब, मेमसाहेब, एवढंच काय, त्यांचा कोल्हापूरचा आचारीही इंग्रजीत बोलतो. कुत्रा कसा शहाण्यासारखा बसून असतो. वैजयंतीने विचारलं, मग बायजाबाईच्या अंगणात याची आई याच्याशी कुठल्या भाषेत बोलत होती. असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळी
सिट शिकवायला सुरुवात. जागा बाल्कनी, वेळ पहाटेची. सकाळी डोकं ताजं असतं, कर्नलचं आणि माझंही. हुकूम पोटातून यायला हवा, घशातून आला की कुत्रा ओळखतो. मी पोटातून सिट म्हणालो. कर्नलने माझ्या पायजम्याची नाडी धरली. मी आणखी खालून सिट म्हणालो. नाडी निघाली.
पकड चांगली आहे. बापावर गेलाय.

१५ फेब्रुवारी
माझ्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा खाल्ला. वैजयंतीच्या चपला शेजारीच होत्या, त्यांना तोंड लावलं नाही. म्हणजे घरात मालक कोण ते त्याने ओळखलं. तरी पहिली वॉर्निंग दिली, तोंडी. कंपनीत हीच पद्धत आहे.

१६ फेब्रुवारी
दुसऱ्या चपलेचा अंगठा. दुसरी वॉर्निंग.

१७ फेब्रुवारी, रविवार
चष्म्याचं घर. तिसरी वॉर्निंग. कंपनीत तिसऱ्या वॉर्निंगनंतर सस्पेन्शन येतं आणि मग युनियन मध्ये पडते. इथे सुचित्रा पडली. त्याला बाल्कनीत बंद करून दार लावलं, तर तीही बाल्कनीत जाऊन बसली. अर्ध्या तासाने वैजयंतीने दोघांनाही आत घेतलं आणि दूध दिलं. अशाने संस्था चालत नाही.

२० फेब्रुवारी
घर सगळं ओलं. सकाळी मोज्यासकट त्यात पाय पडला आणि तसाच कंपनीच्या बसमध्ये चढलो. शेजारचे शिवराम पाटणे खिडकीकडे तोंड करून बसले ते महापे येईपर्यंत.
आता शास्त्रीय उपाय करणार. वर्क्स मॅनेजरनी सांगितला आहे. वर्तमानपत्र पसरायचं, पिल्लाला त्यावर उभं करायचं आणि झालं की गुड बॉय म्हणायचं.

२४ फेब्रुवारी, रविवार
यश. चार दिवस घरात फरशीवर थेंब नाही. जिथे पेपर तिथेच. तेही इंग्रजी पेपर असला की लगेच, मराठीवर थोडा विचार करतो. रक्त लपत नाही.
वैजयंतीला हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली, मराठी पेपर मी उचलून ठेवते म्हणून.

२५ फेब्रुवारी
आज पेपर वाचत आरामखुर्चीत बसलो होतो. पेपर जरा खाली आला होता. पुढचं लिहीत नाही. पायजमा भिजत घातला आहे.
पण तत्त्व बघायला हवं. त्याने पेपर सोडला नाही.

२८ फेब्रुवारी, सकाळी
दूधवाल्यासाठी दार उघडलं आणि कर्नल जिन्यावरून वर पळाला. मी मागे. आमच्या बिल्डिंगमध्ये पेपरवाला प्रत्येकाच्या दारात पेपर टाकून जातो. कर्नलने एकेका दारापुढे थांबून शिकवलेलं सगळं बरोबर करून दाखवलं. एकही दार सोडलं नाही. एवढ्याशा जिवात एवढा साठा कुठून आला कळत नाही.
मी आपला जिन्यातून नो, नो, कर्नल, नो असं सारखं ओरडत होतो. तिसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी सुधीर खामकर राहतात. ते बनियनवर बाहेर आले. ओल्या पेपरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. खामकर बोलत नाहीत तेव्हा लिहितात.
रागावायचं कुणावर. कर्नल हुकमाप्रमाणे वागला. आता त्याला स्वतःचा पेपर आणि लोकांचा पेपर यातला फरक शिकवला पाहिजे, तो मात्र इंग्रजीतून समजावणं जड जातंय.

२ मार्च
पेपर बंद. सगळ्या बिल्डिंगने पेपरवाल्याला बेल वाजवून हातात द्यायला सांगितलं आहे. वैजयंती कर्नलला रोज सकाळ-संध्याकाळ मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेते. प्रश्न सुटला. माझ्या पद्धतीला थोडा वेळ लागतो, पण सुटतो.
सिट अजून नाही. आवाज वाढवला आहे. खाली तळमजल्यावर सगुणाआजी राहतात, त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे अडचण नाही.

५ मार्च
जिन्यात खामकर भेटले. म्हणाले, पहाटे फार आवाज होतो तुमच्याकडून, लोकांची झोपमोड होते, कम्प्लेंट आहे. सतरा तारखेच्या मीटिंगमध्ये विषय घेतलाय, तेव्हाच काय तो निकाल लावू.
कर्नल फार भुंकत नाही. मी सिट म्हटल्यावरच भुंकतो, आणि मी थांबलो की थांबतो. पण लोकांना प्राण्यांची आवड नाही. निकाल लावू म्हणजे काय ते न कळायला मी लहान नाही. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये एकांचं मांजर होतं. सोसायटीने ठराव केला आणि ते नातेवाइकांकडे पनवेलला गेलं.

६ मार्च
सुचित्राला कळलं. मीच सांगितलं, कारण घरात पारदर्शक कारभार असावा. ती जेवली नाही. कर्नलला मांडीवर घेऊन दारामागे बसली. विचारलं तर म्हणाली, गुंड्याला बायजाबाईकडे पाठवणार ना.
मी म्हणालो, मी असेपर्यंत नाही. मीटिंगमध्ये कर्नलकडून सगळ्यांसमोर सिट, स्टँड आणि शेकहँड करून दाखवतो. शिस्तीचा कुत्रा कोण काढतो बघू.
तिने डोळे पुसले आणि म्हणाली, बाबा, तुम्ही नका ना शिकवू त्याला, आई शिकवेल.
मुलीचं वय लहान आहे. तिला अजून माझी खात्री नाही. मला वाईट वाटलं ते लिहून ठेवतो. डिस्पॅचमध्ये लोक माझ्या तोंडावर येस सर म्हणतात आणि मी पाठ फिरवली की चहाला जातात. घरी काय आहे ते माहीतच आहे. म्हटलं होतं, निदान हा तरी आपलं ऐकेल.

९ मार्च
आता दोन वेळा ट्रेनिंग. पहाटे आणि कंपनीतून आल्यावर. घसा बसला. वैजयंती गुळण्यांना मीठ-पाणी देते.

१० मार्च, रविवार
आज एक गोष्ट बघितली. वैजयंती पोळ्या लाटत होती. कर्नल ओट्याजवळ घुटमळत होता. तिने मागे न बघता म्हटलं, बस रे गुंड्या, देते. आणि तो बसला. नीट, शेपूट पायाशी घेऊन बसला.
पहिल्यांदा डोकं फिरलं. कर्नलशी मराठी बोलायचं नाही असं ठरलेलं असताना. मग शांतपणे विचार केला. महिनाभर मी जे शिकवतो आहे ते मुरायला वेळ लागणारच. माझं सिट आत्ता पोचलं, नेमकी ती बोलत होती एवढंच. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, असेल, आणि पोळी उलटली.

१२ मार्च
मी सिट म्हणालो. कर्नल वैजयंतीकडे बघतो. हा तिच्याकडे का बघतो. हुकूम मी देतोय.

१४ मार्च
वैजयंतीने सुचवलं की मीटिंगमध्ये तिने त्याला घेऊन यावं. मी नाही म्हणालो. ट्रेनर एकच असतो. ती म्हणाली, पोरीकडे बघा जरा. सुचित्राने शाळेच्या दप्तरात कर्नलची वाटी भरून ठेवली आहे. विचारलं तर म्हणाली, त्याला पाठवलं तर वाटी तिकडे नसेल त्याच्याकडे.
झोप नीट लागली नाही. कुत्रा काही अल्सेशियन नाही, असा विचार एकदा मनात आला. लगेच झटकला.

१६ मार्च, शनिवार
अंतिम तयारी. आज तो चार वेळा बसला. त्यात दोनदा मी बोललोच नव्हतो, पण बसला हे महत्त्वाचं. शेकहँड अगदी येतो, बिस्कीट हातात असलं पाहिजे. उद्या शर्ट इस्त्रीचा आणि बूट. कर्नलला अंघोळ. मला खात्री आहे.

१७ मार्च, रविवार
मीटिंग गच्चीवर झाली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण उभे. वैजयंती, सुचित्रा शेवटच्या रांगेत. पाण्याच्या टाकीचा विषय संपला आणि खामकर म्हणाले, आता यांच्याकडचा आवाज.
मी लगेच पुढे झालो. म्हणालो, चर्चेच्या आधी एक प्रात्यक्षिक बघा. कर्नलला मध्यभागी उभं केलं आणि पोटातून सिट म्हणालो.
कर्नल माझ्याकडे बघत राहिला. मी आणखी खालून सिट म्हणालो. पाठीमागे कठड्याला टेकून उभे असलेले सिताराम मोहिते खाली बसले. त्यांच्याशेजारचे पाटणेही बसले. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मिनिट्स लिहायला उभे असलेले खामकर आणि उरलेले सगळेच बसले. गच्चीवर उभे फक्त मी आणि कर्नल उरलो.
मोहिते ओशाळून म्हणाले, काय आहे, रोज पहाटे ऐकतो ना, सवय झालीय.
मी म्हणालो, कुत्रा घाबरलाय, एरवी बसतो. याला सोसायटीतून काढू नका, आठ दिवसांत तयार करतो. एवढं बोलताना माझा आवाज चिरकला. सुचित्रा समोर होती म्हणून.
खामकर म्हणाले, कुत्र्याला कोण काढतंय. कुत्र्याचं काय टेन्शन आहे. तो तर वहिनींबरोबर गुपचूप जातो-येतो. कम्प्लेंट तुमच्या ओरडण्याची आहे.
सगळीकडे बघितलं. सगळे मान हलवत होते. कमी ऐकणाऱ्या सगुणाआजी म्हणाल्या, बाळा, मला तर बरीच वर्षं काही ऐकू आलं नव्हतं, पण तू पहाटे सिट म्हणतोस ते येतं.
माझ्याकडे बरेच मुद्दे होते. ते मांडायला तोंड उघडलं. मागून वैजयंती म्हणाली, बसा आता. मी बसलो. कर्नल माझ्या बुटाला टेकून बसला.
खामकरांनी ठराव मांडला. कुत्रा सोसायटीत राहील. ट्रेनिंग आजपासून बंद. मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत. गच्चीवरचे सगळे हात वर गेले. सुचित्राने दोन्ही केले. ती हसत होती, दहा-अकरा दिवसांत पहिल्यांदा.
वैजयंती हळूच म्हणाली, हात वर करा. मी केला.