चिठ्ठ्या लावलेल्या खोलीची निरवानिरव

मी, वनमाला दत्ताराम पेडणेकर, वय सदुसष्ट, राहणार गोरेगाव पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण मुलगा चंद्रप्रकाश पहिली शंका तीच काढणार.

१. राहती खोली माझ्या एकटीच्या नावावर आहे. गिरणीत कामाला असलेल्या गाववाल्यांची खानावळ चालवून मी ती घेतली.

२. खानावळीची पातेली, परात आणि विळी मुलुंडच्या भाचीला, विमलाला द्यावी. सून सुलक्षणा हिला यातले काहीही देऊ नये. तिने प्रत्येक भांड्यावर इंग्रजी नावाची चिठ्ठी खळीने चिकटवली आहे. ती खरवडता खरवडता माझी नखे गेली.

नात मृणाल हिच्या शाळेने कळवले की घरी इंग्रजीच बोला. आधीच घरचे थोडे होते, त्यात शाळेने घोडे धाडले. दाराला चिठ्ठी, माठाला चिठ्ठी, देव्हाऱ्यालासुद्धा. यजमानांच्या तसबिरीखाली उभे करून पोरीकडून घोकून घेतात, "ग्रँडफादर इज ऑन द वॉल." जन्मभर राबलेल्या माणसाची ही गत! मलाही शिकायला बसवले. "आई, पाणी नुसतं मागू नका, प्लीज म्हणा." माझ्याच घरात, मी भरलेल्या माठातले पाणी. इंग्रजीवर माझा राग नाही, आता मला दुकानांच्या पाट्या वाचता येतात आणि बरे वाटते. शिसारी येते ती या दोघांची.

३. गेल्या महिन्यात मृणाल जिन्यावरून पडली, हनुवटी फुटली. मी धावले. "बाय माझे, खंय दुखतां गो?" पोरीने रडायला तोंड उघडले आणि आईला पाहताच मिटले. रक्त गळत होते आणि ती इंग्रजी शब्द आठवत होती. सुलक्षणा म्हणाली, "यस, मृणाल? टेल मम्मी." घाबरून चंद्रप्रकाश ओरडला, "अगं सांग ना, येतं तुला!" त्याला स्वतःला मराठीच सुचली. एवढा घाणेरडा प्रकार मी खानावळीत दारुड्यांचाही पाहिला नाही.

४. म्हणून मी अट घालणार होते की मृणालला घरात हव्या त्या भाषेत बोलू दिले, तरच खोली चंद्रप्रकाशची. वकील विद्याधर म्हणाले, "वनमालाबाई, ही अट कोर्टात टिकायची नाही. घरात कोण काय बोलतं, ते बघणार कोण?"

बरे. मी अट काढली आणि चंद्रप्रकाशलाही काढले. खोली मृणालची. ती सज्ञान होईपर्यंत कारभार विमलाने पाहावा. आईबापांनी तिथे खुशाल राहावे. मात्र मालकिणीला लागले, तर तिने स्वतःच्या घरात कसे रडावे, हे बिऱ्हाडकरूंनी शिकवू नये.

सही : वनमाला दत्ताराम पेडणेकर

वरील मजकूर बाईंनी स्वतः मोठ्याने वाचून आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हीही बाईंसमोर सही करीत आहोत.
साक्षीदार : १. शांताबाई अंबादास सोनवणे, शेजारीण
२. नंदकुमार गवाणकर, किराणा दुकानदार

गोरेगाव, मुंबई. ता. ९ एप्रिल १९८७