सालोमीचा बिल्ला

१९ मार्च १९३१, गुरुवार
सालोमी अजून शेजारच्या गंगाकाकूंच्या घरीच. भाकरी करपली, बोट भाजलं, शाळेला उशीर. सा. घरात नसली की मी बिलकुल निकामी, हे मान्य.

काकूंच्या नातीला, चंद्रीला, देवी आल्यात. पोर जेमतेम बोलायला लागलेली. आई नाही, बाप भिऊन मळ्यात जाऊन राहिला. सा.ला लहानपणीच येऊन गेल्यात, तोंडभर वण आहेत, म्हणून तीच गेली. ज्या घरात आम्हा ख्रिस्ती लोकांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिथे ती आता चुलीपाशी. काकू म्हणाल्या म्हणे, "मास्तरीणबाई, शिवाशिव मंग बघू. लेकराला तेवढं सोडू नका."

२२ मार्च, रविवार
उपासना संपताच याकोबरावांनी चर्चच्या पायरीवर गाठलं. इथल्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पंच, आम्ही दोघेच. पाळकसाहेब जालन्याहून येतील तेव्हा येतील.

"मास्तर, दारावर लिंबाचा डहाळा, पायात वहाण न्हाई, फोडणी बंद. समदं देवीचं पथ्य पाळून राह्यल्या तुमच्या बाई." मग बायबलातून योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढला. आत्म्यांची परीक्षा करायची असते, कोणता देवाचा आणि कोणता नाही, म्हणाले.

मुद्दा बिल्ल्याचा. पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, प्रभुभोजन आहे. आदल्या दिवशी घरोघर शिशाचे बिल्ले वाटायचं काम माझं. ज्याच्याकडे बिल्ला नाही त्याला भाकर नाही, प्याला नाही. सा.चा अडवा म्हणतात.

त्यांचा राग आला. तिचाही आला. लिंबाशिवाय शुश्रूषा होत नाही?

२३ मार्च
मधल्या भिंतीवरून तिला विचारलं. आत जायची मला मनाई.

"लिंब मीच लावला. दारावर लिंब दिसला न्हाई तं गल्लीतली पोरं आत पळत येतेत."
"आणि फोडणी?"
"म्हातारीच्या घरात म्हातारीचं मन मोडून फोडणी देऊ का?"
"प्रार्थना तरी करतेस?"
"करते न. डहाळीनं वारा घालता घालता येशूचं नाव घेते. म्हातारी देवीचं घेती. लेकरू दोघींचं ऐकत झोपतं."

हे याकोबरावांना सांगायचं? त्यापेक्षा गप्प बसतो.

२७ मार्च, शुक्रवार
चंद्रीचे डोळे उघडले! दोन्ही. दिसतंय. डोळे जातील म्हणून सगळेच धास्तावलेले, पण बोलत कुणी नव्हतं. सा. दारात येऊन म्हणाली, "तिनं माझं नाक धरलं." मी रस्त्यात उभा राहून रडलो. मास्तर रडतो हे पोरांनी पाहिलं, पाहू द्या.

१ एप्रिल, बुधवार
खपल्या गळाल्या. काकूंनी रिवाजाप्रमाणे पोरीला वेशीबाहेरच्या देवीच्या दगडापाशी नेलं, दहीभात ठेवायला. म्हातारीला उचलवेना म्हणून पोर सा.च्या कडेवर. याकोबरावांनी पाहिलं. ते बरोबर त्याच वेळी तिथून कसे जातात, देव जाणे.

सा. आज घरी आली. भाकरी तिनं केली. जेवताना विचारलंच, "हात जोडलेस का?"

म्हणाली, "माझ्या हातात लेकरू होतं."

 

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)
याकोबरावांचा तो योहानाचा अध्याय मी स्वतः काढून वाचला. आत्म्यांची परीक्षा वरच्या अंगाला आहे, बरोबर. पण खाली येत जावं तसं सगळं प्रीतीचंच. दिसणाऱ्या माणसावर प्रीती नाही त्यानं न दिसणाऱ्या देवाच्या गोष्टी सांगू नयेत, असा अर्थ. म्हणजे परीक्षा कशानं करायची तेही तिथेच आहे. धडा शेवटपर्यंत वाचा म्हणून रोज पोरांवर ओरडतो, आणि स्वतः?

तरी दगडापाशी जायला नको होतं असं वाटतंच. खोटं कशाला लिहू.

४ एप्रिल, शनिवार
बिल्ले वाटले. सा.चा तिला दिला. तिनं पदराच्या टोकाला बांधला. याकोबरावांना जाऊन सांगून आलो.

"मंग त्या बसल्या तं मी उठून जाईन, मास्तर."
"जा," म्हणालो. इतकं मोठ्यानं म्हणायला नको होतं.

५ एप्रिल, रविवार
पाळकसाहेब आले. चर्च भरलेलं. गंगाकाकू नातीला घेऊन बाहेर झाडाखाली बसलेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. चंद्रीनं दारातून सा.ला पाहिलं आणि हंबरडा फोडला. सा. गेली, पोरीला कडेवर घेऊन तशीच आत आली. रडू थांबावं म्हणून पदराचा बिल्ला सोडून पोरीच्या हातात दिला.

आणि बिल्ले गोळा करायचं ताट याकोबरावांकडे!

ते सा.समोर आले. ताट पुढे केलं. चंद्री मूठ सोडेना. सा.नं समजावलं, मी समजावलं, पाळकसाहेब खोकले. ताज्या वणांनी भरलेली ती एवढीशी मूठ. याकोबराव ताट धरून उभेच. ते तिच्या मुठीकडे पाहत होते, मग पोरीला धरलेल्या सा.च्या हातांकडे.

"राहू द्या तिच्यापाशी," म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे गेले.

सा.नं भाकर घेतली, प्याला घेतला. याकोबराव उठून गेले नाहीत. बाकाच्या पार टोकाला बसले, आमच्याकडे पाठ करून. पटलं म्हणून, की पोरीपुढे इलाज चालला नाही म्हणून? आज घरी येऊन भाकरी पोटभर खाल्ली.

बिल्ला चंद्रीकडेच आहे. झोपेतही सोडत नाही, काकू सांगत होत्या. पुढच्या प्रभुभोजनाला एक कमी पडणार, आणि तो वहीत कुणाच्या नावावर मांडायचा हे आम्हा दोघा वडिलांना बसून ठरवावं लागेल.