गट नंबर ११७ मधल्या माझ्या अर्ध्या हिश्श्याची व्यवस्था

मी, धनुबाई हेमकांत पाटील, वय ५६, धंदा शेती, शिक्षण चौथी, राहणार प्रकाशा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. डोक्यात गाठ नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी गेल्यावर माझं डोकं फिरलं होतं असं म्हणणारा माणूस घरातच आहे. तो माझा धाकटा भाऊ नवनीत सुपडू पाटील, आधी वकील, आता राज्याचा महसूलमंत्री. टायपिंगवाल्याने त्याच्या नावापुढे ‘नामदार’ लावलं होतं. ते मी काढायला लावलं.

कलम १. राहतं घर आणि नवऱ्यामागे माझ्या नावावर झालेलं तीन एकर शेत माझी एकुलती मुलगी रंजिता हिला. जावई चांगला आहे, पण त्याने सल्ले देऊ नयेत.

कलम २. शिलाई मशीन फुलवंताबाईला. वीस वर्षं तिने माझ्या शेतात निंदणी केली आणि मला तोंडावर खरं बोलली. पायडल जड आहे, तेल घालत जावं.

कलम ३. आता गट नंबर ११७. हे जरा सविस्तर लिहावं लागतं.

वडील सुपडू पाटील वारले आणि सन १९९६ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले. नवनीत नुकता वकील झाला होता. सणाला बहीण येतेच, म्हणजे वेगळा निरोप नको, म्हणून त्याने तोच मुहूर्त धरून माझं हक्कसोडपत्र लिहिलं. त्याच्या वकिलीतला हा पहिला कागद आणि पहिली अशील मी. म्हणाला, “ताई, आठे सही कर, बाकीनं मी देखी लेसू.” मी केली. आमच्याकडे बहिणी करतात. न करणारीला माहेर राहत नाही.

कागदाला सातबाऱ्याचा ताजा उतारा हवा होता. पण आखाजीत गावभर पत्ते चालतात आणि तलाठी डावावरून उठेना. वकीलसाहेबांना घाई. त्यांनी वडिलांच्या पेटीतला जुना उतारा काढला आणि त्यावरचे दोन गट उतरवून घेतले. ११७ वडिलांनी नंतर घेतला होता. तो त्या उताऱ्यात नव्हता, म्हणून हक्कसोडीतही आला नाही.

पुढे भावाने शहाद्यात बोर्ड लावला. आखाजी झाली की बहिणींना घेऊन आलेल्या भावांची त्याच्या दारात रांग लागायची. त्याच भावांनी त्याला जिल्हा परिषदेत निवडून दिलं, मग आमदार केलं. पक्ष त्याने तीन वेळा बदलला, दर वेळी जनतेच्या आग्रहावरून. आग्रह करणारी ती जनता मला अजून भेटायची आहे. मणिबेलीला धरणाच्या बुडितातल्या लोकांचं दुःख जाणायला गेला, तो फोटो काढून त्याच होडीने परत आला. मग मंत्री झाला, तेही महसूल खात्याचा. सगळ्या राज्याचे सातबारे त्याच्या हाताखाली आले. मागच्या महिला दिनाला शहाद्याच्या सभेत म्हणाला, बहिणीचा वाटा बहिणीला मिळालाच पाहिजे. मी दुसऱ्या रांगेत शेंगा सोलत होते. टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते.

यंदा शेतकरी ओळखपत्र काढायला सेतू केंद्रात गेले. आधार नंबर टाकल्यावर तिथली बाई म्हणाली, “काकू, तुमच्या नावावर शहाद्याच्या रस्त्याला आणखी एक गट दिसतो. वडिलांमागे वारस म्हणून अर्धा तुमचा, अर्धा भावाचा.” त्या गटात भावाचं महाविद्यालय उभं आहे.

तेव्हापासून तो तीनदा आला. तिसऱ्यांदा पुढे पोलिसांची गाडी, मागे एक गाडी, आणि गल्लीत म्हशी अडकलेल्या. म्हणाला, “ताई, नजरचुकीनं ऱ्हाई गयं. दोन मिनिटनं काम शे.”

मी म्हटलं, “भाऊ, कागद तुन्हाच हातना शे. आते तू मंत्री शे, तूच दुरुस्त कर.”

तलाठ्याला त्याने आधीच विचारलं होतं. बाईंच्या सहीशिवाय होत नाही, असं तलाठी खाली बघून म्हणाला होता. भाऊ चहा न घेता गेला. मी चहा टाकलाही नव्हता.

तरी सही देऊन टाकली असती. भावाशी वैर मला जड जातं. पण त्याची मुलगी रोहिणी हिच्याकडूनही लग्नाआधी त्याने तिच्या भावाच्या नावे हक्कसोड लिहून घेतली आहे. मजकूर माझ्याच कागदाचा, शब्दाला शब्द. फक्त या वेळी ताजे उतारे काढून सगळे गट घातले. माणूस शिकतो.

म्हणून ११७ मधला माझा अर्धा हिस्सा मी रोहिणीला देते. रंजिताला विचारलं. मामाशी भांडायला मला सुट्टी मिळत नाही, तिलाच दे, असं ती म्हणाली.

कलम ४. महाविद्यालय पाडू नये. तोरणमाळहून उतरलेल्या मुली तिथे शिकतात, त्यांनी काही केलेलं नाही. संस्थेच्या बैठकीत मात्र रोहिणीला खुर्ची द्यावी, सत्काराच्या ताटापुरतं बोलावू नये. तिने हा हिस्सा बापाला किंवा भावाला सोडून देऊ नये. अशी अट कायद्यात टिकत नाही, असं या कागदाचे साक्षीदार चंपालालशेठ सांगतात. न टिको. माझी इच्छा म्हणून राहू द्यावी.

कलम ५. हे सर्व मी रोहिणीला फोनवर सांगितलं आहे. ती मला फुई म्हणते, म्हणजे आत्या. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “फुई, पप्पा माझ्याशी बोलणं सोडतील.”

सोडतील, मी म्हटलं. खोटं कशाला सांगू.

मग तिने विचारलं, “उताऱ्यावर क्षेत्र किती आहे?” मी चष्मा लावून वाचून दाखवलं. तिने लिहून घेतलं आणि मला परत वाचून दाखवलं. आकडा बरोबर होता.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. मला समजला आणि पटला. यात बदल करायचा झाल्यास मीच करीन.

ठिकाण: शहादा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: धनुबाई हेमकांत पाटील

आमच्यासमोर सही झाली:
१. चंपालाल जैन, कापड दुकानदार, शहादा
२. गुलाबसिंग पवार, निवृत्त शिक्षक, प्रकाशा