बारा तुकड्या आणि एकच क्रमांक

जुना जालना,
११ जानेवारी २००४

गणिताचे निवृत्त शिक्षक आणि माझ्या कवितेच्या तासाचे आजन्म टीकाकार ख्वाजामियाँ यांना रामराव मास्तरांचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

तुमच्या गुडघ्याचं काय झालं? परभणीच्या हवेत तो वाकायला लागला असेल तर अवश्य कळवा. बदरुन्निसाभाभींना आमच्या केशरबाईंनी आठवण सांगितली आहे. इकडे सगळं बराबर आहे. सकाळी मी गच्चीवर उभा राहून शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणतो (शेजारी धान्याचे व्यापारी आहेत. ते बिलकुल तक्रार करत नाहीत, नुसत्या खिडक्या लावून घेतात). सूर अजून तोच आहे, दात मात्र तेच नाहीत.

हसनाबादच्या आपल्या शाळेतली जुनी मुलं यंदा सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर जमणार आहेत, ते तुमच्या कानावर आलंच असेल. एकाहत्तर ते ब्याऐंशी या बारा वर्षांत माझ्यासमोर बसून गेलेल्या बाराही तुकड्यांची नावं पडद्यावर दाखवायची आणि प्रत्येक नावापुढे त्या मुलानं शुक्रवारी फळ्यापाशी उभं राहून कोणती कविता म्हटली तेही, असं ठरलं. यादी कुठून आणायची, असा प्रश्न बैठकीत निघाला. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की यादी शोधूच नका, माझी सगळी मुलं मला तोंडपाठ आहेत. टाळ्या पडल्या. घरी येताना मात्र एकच विचार मनात होता. एखादं नाव सुटलं, तर ते पोर (पोर कसलं, चाळिशीला आलेला बाप्या) पडद्याकडे बघत उभं राहील आणि मी त्याच्याकडे. तसं होता कामा नये.

आता जरा अभिमानानं लिहितो, तुम्ही चष्मा पुसून घ्या. आमच्या बद्रीनाथची बायको उषा इथल्याच एका क्लासमध्ये संगणक शिकवते. ती म्हणाली, आबा, नावं तुम्ही टाइप करा, ती मांडायचा प्रोग्राम मी लिहिते. भाषेचं नाव जावास्क्रिप्ट. मला वाटलं होतं की यंत्राची भाषा म्हणजे खडखडाट असणार. पण मियाँ, तिच्यात ध्रुपद आहे! एक फेरी बाहेरची, ती तुकड्या मोजत जाते. तिच्या पोटात दुसरी फेरी, ती त्या तुकडीतली मुलं मोजते. आतली फेरी महिरपी कंसात बसवलेली, जसं कडव्याच्या आत कडवं. आमच्या सुनेनं हे वहीत पेन्सिलीनं, एकही खाडाखोड न करता लिहिलं. ती क्लासला गेली की मी दोन बोटांनी ते यंत्रात उतरवायचो (वीज असेल तेव्हा, म्हणजे देवाची मर्जी असेल तेव्हा).

पहिल्या दिवशी बटण दाबलं. एकाहत्तरची तुकडी आली, चौतीसच्या चौतीस मुलं, आणि खेळ खलास. बाकीच्या अकरा तुकड्यांचा पत्ता नाही. उषानं तपासायला म्हणून यंत्राला प्रत्येक तुकडीतली पहिली पाचच नावं मोजायला लावली. तर यंत्र बंदच पडेना. शेवटी यंत्रानंच काकुळतीला येऊन विचारलं की थांबवू का. थांबवलं, तर पहिली तुकडी एकदा आणि तिच्याखाली सातवी तुकडी, पुन्हा सातवी, पुन्हा सातवी, पान कितीही खाली सरकवा. त्या तुकडीतला आपला कचरू आठवतो ना? उभ्या आयुष्यात त्यानं एका कवितेपलीकडे दुसरी म्हटली नाही. त्या दिवशी त्यानं ती हजारो वेळा म्हटली.

उषा दोन दिवस डोकं धरून बसली होती. मंग मी ठरवलं की आपणच यंत्र व्हायचं. घरातली जुनी पाटी काढली. पहिली तुकडी म्हणून पाटीवर शून्य लिहिलं (संगणक शून्यापासून मोजतो, हे तुम्हाला आवडेल). आता मुलं मोजायची. शून्य पुसलं आणि त्याच पाटीवर मुलांचे आकडे मांडत गेलो. पाच मुलं संपली तेव्हा पाटीवर पाच उरले. पुढची तुकडी म्हणजे पाचात एक मिळवा, सहा. शून्यापासून मोजत आलं की सहा म्हणजे सातवी तुकडी. मधल्या सगळ्या गेल्या! सातवीतली पाच मुलं मोजली, पाटीवर पुन्हा पाच, पुन्हा सहा, पुन्हा सातवी. दुपारभर माझं हे चाललेलं पाहून तांदूळ निवडणाऱ्या केशरबाई म्हणाल्या, "तुम्ही कवाधरनं तिथंच फिरून राह्यले. एका पाटीवर दोन मोजण्या कशा जमतील? दुसरी पाटी घ्या की."

आणि मला उलगडा झाला. (उलगडा मला झाला, हे लक्षात ठेवा. केशरबाई फक्त बोलल्या.) दोन्ही फेऱ्यांच्या मोजणीला एकच नाव दिलेलं होतं: क्रमांक. आतली फेरी बाहेरचा आकडा पुसून टाकत होती. पहिल्या दिवशी तर चौतीस मुलांनंतर आकडा थेट पस्तीसवर गेला आणि तुकड्या बाराच, म्हणून खेळ तिथंच खलास. संध्याकाळी उषाला सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "आबा, इथं कंस म्हणजे भिंत न्हाई. आतलं नाव आन् बाहेरचं नाव एकच धरतंय ते." मग आतल्या फेरीला वेगळं नाव दिलं आणि बाराही तुकड्या रांगेनं उभ्या राहिल्या. मी उठून उभा राहिलो. सुनेला म्हणालो, बाई, माझ्या बारा वर्षांची हजेरी तू एका पानात घेतलीस. (नवव्या तुकडीत अजून थोडी गडबड दिसते, पण उषा बघून राहिली आहे.)

तुम्ही या. तुमच्याशिवाय त्या शाळेत माझ्या कवितेला नाक कोण मुरडणार?

तुमचा,
रामराव

ता. क. उषानं वहीत दोन मोजण्यांना दोन वेगळी अक्षरं लिहिली होती, आय आणि जे. मला ती फार उघडीबोडकी वाटली. दोन्हीकडे मोजायचा क्रमांकच, म्हणून उतरवताना मी दोन्ही ठिकाणी तेच भारदस्त नाव घातलं. हे तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

ता. क. दुसरा. नवव्या तुकडीची गडबड प्रोग्रामात नाही. एकोणऐंशीची नावं मला आठवतच नाहीत. चेहरे दिसतात, बाकं दिसतात, खिडकीबाहेरची बाभळ दिसते, नावं येत नाहीत. त्या वर्षीचं हजेरीपुस्तक शाळेत वाळवीनं खाल्लं. पान बिघडलेलं होतं तोवर कुणाला कळलं नाही, आता उषा कंस तपासत बसली आहे आणि मी गप्प आहे. वर्गशिक्षक तुम्ही होता आणि तुम्हाला पटावरचे आकडे नावांसकट आठवतात. जल्दी लिहून पाठवा. त्या तुकडीतली एकच मुलगी मला आठवली, तुमची लेक रहिमुन्निसा, सगळी कडवी न अडखळता म्हणणारी. सध्या ती तिथं एकटीच उभी आहे.